उकाड्यात उरलेलं हॅम कसं संपवावं?

प्रश्न:
शिजवलेलं हॅम किलोभर उरलंय, शिवाय हाड. ओव्हन लावायचा नाही, जास्त काही विकत आणायचं नाही. सँडविच सोडून चौघांसाठी काय करता येईल? आणि टिकतं किती?

खमंग:
आधी टिकवण्याचं बघा. हाडावरचं मांस सोडवून घ्या. फ्रिजमध्ये ३-४ दिवस, तेवढ्यात संपेल इतकंच खाली ठेवा. बाकीच्या १५० ग्रॅमच्या पुड्या करा, हवा काढून, चपट्या, म्हणजे लवकर गोठतात आणि लवकर सुटतात. फ्रीजरमधलंही महिन्या-दोन महिन्यांत वापरा, कारण मिठामुळे चरबी थंडीतसुद्धा खवट होते.

जेवताना टेबलावर २ तासांच्या वर ठेवू नका, पारा ३२ अंशांपुढे असेल तर तासभरच. "खारवलंय, काय होतंय" म्हणून चालत नाही. स्टॅफिलोकोकस हा जंतू मिठाला दाद देत नाही आणि त्याचं विष परत उकळूनही जात नाही. कापावर हिरवट, सप्तरंगी झाक दिसली तर बहुतेक वेळा तो नुसता प्रकाशाचा खेळ असतो. हाताला बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला की टाकून द्या.

चवदार_काटकसर:
हॅमला मुख्य पदार्थ न मानता मिठासारखं वापरा, मग पुरतं. गार पास्ता सॅलड करा, चौघांना ३०० ग्रॅम कोरडा पास्ता आणि १५० ग्रॅम हॅम भरपूर झालं. पास्ता गार झाल्यावर घट्ट होतो, म्हणून पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट जास्त शिजवा, पाण्यात मीठ निम्मंच. शेवटच्या २ मिनिटांत त्याच पाण्यात गोठवलेले मटार टाका. गार पाण्याखाली धरून नीट निथळा.

३ चमचे तेल, २ चमचे व्हिनेगर, अर्धा चमचा मोहरीची पेस्ट फेटा. निम्मं आत्ता, निम्मं वाढताना. सगळं एकदम घातलं की पास्ता शोषून घेतो आणि तासाभरात सॅलड कोरडं पडतं. काकडीच्या बिया काढा, नाहीतर तळाशी पाणी साचतं.

प्रश्नकर्ता:
आमचं हॅम फारच खारट आहे. त्याचं काय?

खमंग:
काप करून गार पाण्यात अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग टिपून घ्या. चव थोडी उतरते, पण सॅलडला चालतं. अंड्यांत घालणार असाल तर तुकडे आधी कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परता. तसं केलं नाही तर ऑम्लेट खाली ओलं राहतं. ६ अंड्यांना १०० ग्रॅम पुरे, वरून मीठ अजिबात नको.

मंद_आच:
आणि हाड? खरी बचत तिथे आहे. प्रेशर कुकरमध्ये २ लिटर पाणी, हाड, एक कांदा, ४०-४५ मिनिटं. रात्री करा म्हणजे दिवसा स्वयंपाकघर तापत नाही. उथळ भांड्यात काढून लगेच निववा, मग फ्रिजमध्ये. सकाळी वरची चरबी थराने उचलता येते. खाली जेलीसारखं थरथरलं तर काही बिघडलेलं नाही, ते हाडातलं जिलेटिन.

त्यात रात्रभर भिजवलेले २५० ग्रॅम पांढरे राजमे पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. टोमॅटो किंवा लिंबू त्यानंतरच, आंबट आधी पडलं की दाणे टणकच राहतात. मीठ चव घेऊन अगदी शेवटी. बहुधा लागतच नाही. कोमट खाल्लं तरी छान लागतं, आणि उरलं तर निथळून दुसऱ्या दिवशी वरच्याच सॅलडात पास्त्याऐवजी घाला.