होगार्थची 'जिन लेन' नक्की कोणासाठी होती?

कागदीवाघ: मंडळी, इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थची १७५१ ची 'जिन लेन' झूम करकरून बघतोय, जिनच्या नादाने उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या गल्लीचं छापील चित्र. पायऱ्यांवर तर्र झालेली बाई, पायांवर फोड, चिमटीत तपकीर, आणि पोर कठड्यावरून खाली चाललंय तरी हिला पत्ता नाही. मागे एकाने गळफास घेतलाय. गरिबांना शहाणं करायला काढलं म्हणतात पण किंमत १ शिलिंग! लंडनचा मजूर दिवसाला कमवायचा जेमतेम दीड-दोन शिलिंग, तो कशाला घेईल?

तांबटआळी: घेणारे खाऊनपिऊन सुखी लोकच रे. पण बघायला पैसे पडत नव्हते, प्रिंटच्या दुकानांच्या काचेत चित्रं लावलेली असायची. गंमत जाहिरातीत आहे, त्यात लिहिलंय की खालच्या वर्गाची व्यसनं सुटावीत म्हणून शक्य तितक्या स्वस्तात काढलंय, आणि त्याच जाहिरातीत शौकिनांसाठी भारी छपाईची प्रत दीड शिलिंगला 😄 तेव्हाच्याच 'फोर स्टेजेस ऑफ क्रुएल्टी' या क्रूरपणावरच्या चार चित्रांसाठी त्याने स्वस्त पडतील म्हणून लाकडी ठसेही करून बघितले, दोन झाले आणि तेच महाग पडले म्हणून परत तांब्याचा पत्रा.

उगाचच: माझ्या मते रोख पार्लमेंटवर होता. जोडीचं 'बिअर स्ट्रीट', म्हणजे बिअर पिणाऱ्यांच्या सुखी रस्त्याचं चित्र, शेजारी ठेवून बघ. इथे सुतार करवत आणि बाई भांडीकुंडी घेऊन गहाणवाल्याच्या दारात उभी, तिथे गहाणवाल्याचंच घर पडायला आलंय आणि तो दाराच्या भोकातून बिअर घेतोय. होगार्थचा दोस्त हेन्री फील्डिंग मॅजिस्ट्रेट होता, त्यानेही त्याच वर्षी चोऱ्यामाऱ्या वाढल्याचं खापर जिनवर फोडलं, आणि त्याच वर्षी जिनच्या विक्रीला लगाम घालणारा कायदा आला.

तिरपीरेघ: कायदा आला ते ठीक, पण आधी जिन एवढी स्वस्त झाली कोणामुळे? धान्य उदंड पिकत होतं, जमीनदारांना गिऱ्हाईक पाहिजे होतं, म्हणून पार्लमेंटनेच दारू गाळायला मोकळं रान दिलं होतं. आता सांगा, चित्रात एक तरी जमीनदार दिसतो का? सगळी शिक्षा त्या बाईला. चित्रकार म्हणून बाप माणूस, पण इथे त्याने सोपं टार्गेट धरलं.

कागदीवाघ: हा मुद्दा पटला. बाय द वे 'बिअर स्ट्रीट'मध्ये सगळे गुबगुबीत, आणि शिडीवर पाटी रंगवणारा पेंटर तेवढा काटकुळा, फाटक्या कपड्यात. तो तसा का?

तांबटआळी: आर्टिस्ट आहे ना, बिअर स्वस्त झाली म्हणून त्याला कोण जास्त पैसे देणार!