लग्नानंतर मतदार यादीत माहेरचंच नाव ठेवलं तर चालतं का?

ऐरोलीकर_सून:
नमस्कार मंडळी, लग्न होऊन चार वर्षं झाली, डोंबिवलीहून ऐरोलीला आले पण मतदार यादीत नाव अजून तिकडेच आहे. आता इकडे ट्रान्सफर करायचंय तर घरातले म्हणतात फॉर्म भरतेच आहेस तर नाव पण सासरचं लाव. पॅन, बँक, ऑफिस सगळीकडे माझं आधीचंच नाव आहे आणि मला तेच ठेवायचंय. सासूबाई माझ्याच बाजूने आहेत. काल त्यांनी आपलं कार्ड काढून दाखवलं, रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, त्यावर सासऱ्यांचं नाव बरोबर आणि त्यांचं स्वतःचं चुकलेलं. "एवढी वर्षं मत देतेय, माझं नाव कुणी धड लिहिलं नाही," म्हणाल्या. फार लागलं मनाला. तर नाव बदलावंच लागतं का? आणि बायकांना मत कधीपासून मिळालं असं त्यांनी विचारलं, मला सांगताच येईना.

नौपाड्याच्या_बाई:
अजिबात बदलावं लागत नाही. मी शिक्षिका आहे, ठाण्यात बीएलओचं, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघर फिरून नोंदी तपासण्याचं काम केलंय. फॉर्म ८ भर, त्यात पत्ताबदल निवड. नवीन नोंदणीचा फॉर्म ६ भरू नकोस, नाहीतर दोन ठिकाणी नाव लागेल आणि ते कायद्यात बसत नाही. नातेवाईकाच्या रकान्यात नवऱ्याचंच नाव हवं असंही काही नाही, आईचं किंवा वडिलांचं चालतं. सासूबाईंची दुरुस्तीही फॉर्म ८ नेच होईल, त्यांचा वेगळा भर. मी घरोघर जायचे तेव्हा दारातला पुरुषच सगळ्यांची नावं सांगायचा, बाई आत ओट्यापाशी. मी म्हणायचे, ताईंना बाहेर बोलवा, त्यांचं नाव त्याच सांगतील.

कळवा_वाचक:
सासूबाईंना सांगा, आपल्या मुंबई इलाख्यात बायकांना मत मिळालं १९२१ मध्ये. रमाबाई रानड्यांनी त्यासाठी काम केलं होतं. पण तेव्हा मालमत्तेची अट होती, बायकांच्या नावावर मालमत्ता असायची कुठे, त्यामुळे मोजक्याच बायका यादीत आल्या. १९३५ च्या कायद्याने यादी वाढली, पण त्यातही बऱ्याच जणी नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारावर. सरसकट सगळ्यांना हक्क दिला तो राज्यघटनेने, १९५० साली, वय २१, पुढे १९८९ मध्ये १८ झालं. स्वित्झर्लंडमध्ये देशपातळीवर बायकांना मत १९७१ ला मिळालं, आपल्याकडच्या बायका तोवर चार लोकसभा निवडणुकांना मत देऊन मोकळ्या झाल्या होत्या.
आणि नावाचं म्हणाल तर १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत जवळजवळ २८ लाख बायका यादीतून बाद झाल्या, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनी ठाम सांगितलं की अशी नोंद चालणार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता, हक्क मिळाला आणि लगेच गेला म्हणून. आता वाटतं बरोबर केलं, पुढच्या निवडणुकीत नाव सांगावंच लागलं ना.

दिवाळे_गाव:
माझ्या वहिनीला पण वाचून दाखवलं हे. आपल्या राज्यात पालिका-पंचायतींत २०११ पासून बायकांना ५० टक्के जागा आहेत, तरी काही ठिकाणी निवडून येते बाई आणि फोन घेतो नवरा. हे थांबायला पाहिजे, आम्हा पुरुषांनीच थांबवायला पाहिजे.

ऐरोलीकर_सून:
मनापासून आभार सगळ्यांचे. दोन्ही फॉर्म ८ ऑनलाइन भरले आत्ताच. माझ्या फॉर्मवर आईचं नाव टाकलं. सासूबाईंना विचारलं तुमच्या रकान्यात कुणाचं ठेवू, तर म्हणाल्या ह्यांचंच राहू दे, माझं तेवढं नीट लिही. चष्मा लावून शेजारी बसल्या आणि एकेक अक्षर स्वतः सांगितलं.