एकाच फायबरवर घर आणि क्लासचं वाय-फाय वेगळं कसं करावं? (बजेट ३००० रु.)

सांगलीकर_वरचा_मजला:
वर घर, खाली क्लास, एका बॅचला ३० मुलं. १०० एमबीपीएसचं एकच कनेक्शन. पासवर्ड मुलांना केव्हाच कळलाय, आमच्या प्रिंटरवर कुणीतरी मीम्स छापतंय. एक जुना राउटर पडून आहे. काय घ्यावं?

मेश_भक्त:
तीन नगांचं मेश (मिळून एकच वाय-फाय पसरवणारे राउटर) घ्या, १५ हजारांत विषय कट. आमच्या गच्चीतही फुल कांड्या.

तारतंत्री:
बजेट वाचलंत का? मेशने रेंज वाढते, नेटवर्क आपोआप वेगळं होत नाही.
जुना राउटर इंटरनेट कंपनीच्या राउटरमागे जोडा. केबल त्याच्या वॅन पोर्टमध्येच (बाहेरून इंटरनेट येतं ते भोक). लॅनमध्ये (आतल्या उपकरणांच्या पोर्टमध्ये) खुपसली तर नॅट (आतले पत्ते बाहेरून लपवणारी सोय) आणि फायरवॉल (बाहेरच्यांना अडवणारी भिंत) दोन्ही बाजूला राहतात, सगळे पुन्हा एकाच नेटवर्कात. कंपनीच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.२०.१ द्या. दोघांच्या पत्त्यांची रेंज एकच राहिली तर नेट चालणार नाही.

उगाच_एक:
गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय) चालू करा की! फुकट.

जुना_खोडसाळ:
मागचा राउटर मुलांना देऊ नका, सगळे नेमकं तिथेच फसतात. नॅट पुढच्यांना मागे घुसू देत नाही, पण मागच्यांना पुढचं सगळं उघडं असतं. मुलं मागे बसली तर प्रिंटरचा पत्ता, समजा १९२.१६८.१.५०, ब्राउझरमध्ये टाकतील आणि छापतील. मुलं पुढे, घर मागे.

तारतंत्री:
मान्य. तरी घराचा डेटा मुलांच्या नेटवर्कातूनच जाणार. एआरपी स्पूफिंग (आपणच राउटर असल्याचं भासवणं) येणारं एखादं कार्टं मधे बसू शकतं. पक्कं काम तीन राउटरचं: कंपनीच्या राउटरचं वाय-फाय बंद, त्यातून दोन केबली, एक घराच्या वॅनला, दुसरी क्लासच्या. साधा गिगाबिट राउटर दोन हजारांच्या आसपास, वर कॅट ६ केबल. कंपनीच्या राउटरचा ॲडमिन पासवर्ड मात्र बदला, १९२.१६८.१.१ दोन्हीकडून उघडतो.

मेश_भक्त:
डबल नॅट (एकामागे एक दोन राउटरचं)! गेमिंग बोंबलणार.

जुना_खोडसाळ:
क्लासमध्ये गेमिंग बोंबललं तर बरंच की.

उगाच_एक:
गेस्टचं कुणी बोललंच नाही.

शून्य_ओहम:
गेस्ट चालेल, पण राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (वेगळं नेटवर्क न करता फक्त वाय-फाय पसरवणं) असेल तर बऱ्याच मॉडेलांत गेस्टवाल्यांनाही घरचं दिसतं. गेस्टवरून प्रिंटरचा पत्ता उघडून बघा, उघडला तर उपयोग शून्य.
क्लासच्या राउटरवर डीएचसीपी लीज (फोनला दिलेला पत्ता किती वेळ राखून ठेवायचा ते) बघा. २४ तासांची लीज, १०० पत्त्यांचा पूल आणि चार बॅचचे १२० फोन. संध्याकाळच्या बॅचला फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' वर अडकणार. लीज १२० मिनिटं करा, एपी आयसोलेशन (फोन एकमेकांना दिसू नयेत म्हणून) चालू, डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडणी) बंद. २.४ गिगाहर्ट्झवर एका राउटरला चॅनल १, दुसऱ्याला ११.

मेश_भक्त:
डब्ल्यूपीएस बंद करायला विसरू नका.

शून्य_ओहम:
तेच लिहिलंय वर.

सांगलीकर_वरचा_मजला:
सगळ्यांचे आभार. केबलवाला खाली वेगळं ४० एमबीपीएसचं कनेक्शन देतोय, राउटर फुकट. तेच घेतो, वरचं वर, खालचं खाली.

तारतंत्री:
महिन्याचं बिल धरलंत का? सहा महिन्यांत बजेट पार. आणि वरचा पासवर्ड आजच बदला, मुलांच्या फोनमध्ये तो सेव्ह आहे. जिन्यापर्यंत रेंज येतेच.