‘नाकामा’ला मराठीत काय म्हणावं?

पिंपळपान:
भाची आठवीत आहे आणि ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेने झपाटलेली. तिच्या आजीलाही ती गोष्ट ऐकायचीय, म्हणून निवडक प्रसंग मराठीत उतरवतेय. 23व्या खंडात अडले. अलाबास्टाची राजकन्या विवी मायदेशी थांबते, कथानायक लुफीचं जहाज निघतं, आणि ती ओरडून विचारते की पुन्हा कधी भेटलो तर मला परत ‘नाकामा’, म्हणजे तुमच्यातलीच एक, म्हणाल का? मी ‘सवंगडी’ लिहिलं. भाची म्हणाली, हे बालभारतीच्या कवितेतलं वाटतंय, ‘भिडू’ लिही. राजकन्येच्या तोंडी भिडू? ‘मित्र’ही नको, लुफीचे मित्र बेटोबेटी आहेत, नाकामा मोजकेच. शिवाय जपानीत लिंगाची भानगड नाही, आपल्याला ‘तुमचा’ की ‘तुमची’ ते ठरवावं लागतं.

खवचट:
साथीदार. रोज पेपरात असतो: मुख्य आरोपी व त्याचे तीन साथीदार फरार. लुफी समुद्री चाचाच आहे, डोक्यावर इनामही आहे. आणखी काय हवं?

शुद्धमती:
‘दार’ फारसी. ‘जोडीदार’ही तसलाच. सोबती आहे, तुकोबांचा सांगाती आहे, मग नाहक उधारी कशाला?

खवचट:
‘नाहक’ कुठल्या वेदातला, ताई?

निवांत:
जोडीदार तसाही बाद. वधूवर सूचक मंडळाची जाहिरात वाटेल. जहाजावरचा बाईवेडा सांजी तेवढा खूश होईल.

क्योतोकर:
नाकामा मुळात इतका हळवा शब्द नाही हो. ‘नाका’ म्हणजे आपसातला संबंध, ‘मा’ म्हणजे मधली जागा. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) व्यापाऱ्यांच्या संघांना ‘काबुनाकामा’ म्हणत. 1841 मध्ये शोगुनाच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारने ते मोडीत काढले आणि दहा वर्षांनी पुन्हा चालू केले. इथे जपानात ऑफिसनंतर प्यायला जमणारेही ‘नोमिनाकामा’ असतात. जिवाला जीव देण्याचा अर्थ इंग्रजी सबटायटल करणाऱ्या हौशी मंडळींनी चढवला, शब्द तसाच ठेवून वर टीप देत बसायचे. उलट बाजूने बघा: ‘नाकामाहाझुरे’ म्हणजे इतरांनी खेळात न घेतलेलं पोर. गटात न बसणारे पद ओळखा, या प्रश्नालाही तोच शब्द.

पिंपळपान:
हे फार कामाचं. विवी नेमकं तेच विचारतेय, मी अजून गटात बसते का. आणि उत्तर तोंडाने कुणी देतच नाही. नौदल ऐकतंय, हो म्हटलं तर तीही गुन्हेगार ठरणार. सगळे पाठमोरे उभे राहून डावा हात वर करतात, हातावर आपसातल्या ओळखीची फुली. आता इथे ‘सांगाती’ टाकला की आजी टाळ शोधेल.

वऱ्हाडी ठेचा:
आमच्याकडे गडी म्हणत. विटीदांडूला आधी गडी वाटून घ्यायचे, मग भांडायचं. सवंगडी म्हणजे ‘सवें’ अधिक ‘गडी’. आणि गडी आला ‘गड’वरून, गड राखणारा तो गडी. लुफीचं जहाज म्हणजे गडच की.

निवांत:
कोकणात गडी म्हणजे कामाला ठेवलेला माणूस. ‘विवी, तू आमची गडीमाणूस’? लुफीच्या झोरोलाही लागू नाही, तो दिवसभर झोपलेला.

डिचोलीकर:
आमच्या गोव्यात साळ गावी शिगम्यात गडे असतात. अंगात येतं आणि रात्री रानात धावतात. गड राखायला नव्हे.

शुद्धमती:
गडावरून गडी ही ध्वनी जुळला म्हणून केलेली व्युत्पत्ती. आणि भिडू म्हणाल तर टपोरी हिंदी सिनेमाने तो नासवलाय. आजीपुढे नको.

वऱ्हाडी ठेचा:
हिंदीने तो आपल्याकडूनच नेला. नेणाऱ्याने मळवला म्हणून आपण टाकून द्यायचा? आजी पत्ते खेळत असेल तर तिला विचारा, समोर कोण बसतं. बाईला ‘माझी भिडू’, बाप्याला ‘माझा भिडू’, लिंगाचा प्रश्नही मिटला.

क्योतोकर:
पत्त्यातला भिडू मला पटतो. डाव सुरू झाला की त्याला सोडता येत नाही, कितीही चुकीचं पान टाकू दे.

खवचट:
भिडू ठरला तर मग लुफीच्या जहाजावरचा घाबरट उसोप कच्चा लिंबू.

निवांत:
आमच्याकडे लिंबूटिंबू. तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही.

पिंपळपान:
भाची शेजारी बसून वाचतेय, भडकलीय. विचारते, एनिएस लॉबीत जागतिक सरकारचा झेंडा कुणी जाळला?

खवचट:
तो मुखवटा घातलेला सोगेकिंग होता. उसोप नव्हताच तिथे.

शुद्धमती:
लिंबू नपुंसकलिंगी आहे. ‘कच्चं लिंबू’ हवं.

वऱ्हाडी ठेचा:
हे मैदानात जाऊन पोरांना सांगा, बघा घेतात का खेळात.