'ए' दिल्यावर पुन्हा कात्री कशाला?

टाइमकोड
'ए' प्रमाणपत्र म्हणजे चित्रपट फक्त प्रौढांसाठी. मग त्याच चित्रपटाला दृश्यं कापण्याची यादी का जोडतात? केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने वय ठरवावं आणि थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. १९८३ मध्ये मंडळाच्या नावातलं 'सेन्सॉर' जाऊन 'प्रमाणन' आलं, पण १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याचं कलम ४ आजही प्रमाणपत्राआधी काटछाट सांगण्याचा अधिकार देतं. श्याम बेनेगल समितीने २०१६ मध्ये वयानुसार वर्गीकरणावरच भर द्यायला सांगितलं होतं. २०२३च्या दुरुस्तीने 'यूए'चे (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचे) ७, १३ आणि १६ असे तीन गट पाडले, कात्री मात्र जागच्या जागी राहिली.

शेवटची रांग
साफ असहमत. कलम ५ब वाचा : सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी. यातल्या किती गोष्टी वयाच्या पाटीने सुटतात? खऱ्या माणसाची बदनामी प्रौढांसमोर केली तरी ती बदनामीच. एखाद्या समाजाविरुद्धची चिथावणी तर मुलांपेक्षा मोठ्यांनाच जास्त चढते. १९७०च्या अब्बास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांचं प्रदर्शनाआधीचं परीक्षण वैध ठरवलं ते याच जाणिवेतून, की पडद्यावरचं चित्र आणि आवाज मिळून छापील शब्दापेक्षा मनाची पकड जास्त घेतात.

आणि 'यूए १६+' हा पालकांसाठी निव्वळ सल्ला आहे. त्यावरून तिकीट नाकारायची सोय कायद्यातच नाही.

टाइमकोड
अब्बास खटल्यावर थांबू नका, १९८९चा रंगराजन निकालही बघा. चित्रपट अडवायचा तर त्यातून होणारा धोका दूरचा, कल्पनेतला असून चालत नाही. बंदुकीच्या दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका तो जवळचा हवा, असं न्यायालय म्हणालं. २०१६ मध्ये 'उडता पंजाब'ला डझनाहून जास्त बदल सांगितले होते. मुंबई उच्च न्यायालयात त्यातला एकच कट टिकला. म्हणजे बाकीचे मुळात गरजेचे नव्हतेच.

मिक्सिंग रूम
'एक शब्द म्यूट करा' हे यादीत अर्ध्या ओळीत लिहून होतं. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. ५.१ म्हणजे सहा चॅनेलच्या ध्वनिमिश्रणात संवाद बहुतेक मधल्या चॅनेलवर असतो. संवादाचा वेगळा स्टेम (फक्त संवादांचा स्वतंत्र ध्वनिपट्टा) हाताशी असेल तर तेवढाच शब्द काढता येतो. नसेल तर शब्दाबरोबर पावलांचा, खोलीचा आवाजही जातो आणि मध्येच एक भोक पडतं. प्रेक्षकाचे कान नेमके तिथेच टवकारतात, ओठ बघून शब्द कळतोच!

दृश्य कापणं त्याहून किचकट. २ सेकंद म्हणजे ४८ फ्रेम. त्यांच्यावरून पार्श्वसंगीत जात असेल तर ठेका उडी मारतो, म्हणून संगीताचे स्टेम घेऊन जोड पुन्हा बसवावा लागतो. उपशीर्षकं सरकवायची राहिली तर त्या रिळातली पुढची प्रत्येक ओळ ४८ फ्रेम उशिरा येते. मग ते रीळ पुन्हा डीसीपीत (थिएटरात चालणाऱ्या डिजिटल प्रतीत) बांधायचं आणि थिएटरांना नव्या आवृत्तीच्या केडीएम, म्हणजे ती प्रत उघडणाऱ्या डिजिटल किल्ल्या, पाठवायच्या. जुन्या किल्लीने नवी आवृत्ती उघडत नाही. प्रदर्शन चार दिवसांवर असताना हे सगळं घाईत होतं, आणि चुका तिथेच होतात.

शेवटची रांग
त्रास मान्य. पण कात्री दर वेळी मंडळच चालवतं असं नाही. 'ए' चित्रपट टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणून उपग्रह हक्क विकायचे तर 'यूए' लागतं. त्यासाठी निर्माता स्वतः कट देऊ करतो आणि यादीत ते 'स्वेच्छेने' म्हणून येतात. दोष एकट्या मंडळाच्या माथी कसा मारता?

मिक्सिंग रूम
हा मुद्दा रास्त आहे, आणि खरी नैतिक गडबड मला तिथेच दिसते. 'यूए'साठी सहसा काय जातं? जखम, रक्त, कण्हणं. ठोसा राहतो, नायकाची संथ गतीतली चाल राहते. समजा ४० सेकंदांची मारामारी आहे आणि तिच्यातले माराचा परिणाम दाखवणारे ६ सेकंद गेले. उरली ती न दुखणारी हिंसा, आणि ती आपण लहान मुलांपुढे ठेवतो. १९९१च्या मार्गदर्शक तत्त्वांत चित्रपट एकूण परिणामावरून जोखा असं लिहिलंय. सेकंद मोजून कापण्यात नेमकं तेच हरवतं.

शेवटची रांग
इथे तुमच्याशी सहमत. पण बलात्काराचं दृश्य कॅमेरा अत्याचाऱ्याच्या नजरेने चघळत असेल तर 'ए'ची पाटी लावून मी गप्प बसणार नाही. ते कापायलाच हवं.

टाइमकोड
असं दृश्य मलाही घृणास्पदच वाटतं. पण ती नजर कोणाची हे एक अधिकारी आणि चार सल्लागार एका बैठकीत ठरवतात. चुकले तर पुनर्परीक्षण समिती, त्यापुढे थेट उच्च न्यायालय. मधलं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं. मोठा निर्माता वकील उभा करतो. छोट्या मराठी चित्रपटाची तारीख ठरलेली, थिएटरं ठरवलेली. तो निमूटपणे कट मान्य करतो. किमान प्रत्येक कटापुढे कोणत्या तत्त्वाखाली आणि नेमका का, हे दोन ओळींत लिहिणं सक्तीचं करा आणि ते लोकांना वाचायला द्या.

शेवटची रांग
त्याला माझी हरकत नाही. फक्त निर्मात्याच्या 'स्वेच्छे'च्या कटांपुढेही कारण लिहा.