घरच्या धंद्यात कलाकाराच्या मागे उभं राहून हिशेब सांभाळणारे: तुमचे अनुभव लिहा

एक भाऊ नक्षी काढतो, दुसरा वसुलीला फिरतो. दुसऱ्याचं काम शिकवायला कुठे शाळा नाही, म्हणून हा धागा. घरचे किस्से राहू द्या. किती, केव्हा आणि कुठे चुकतं, ते लिहा.

पैठणी, येवला

नव्या नक्षीची किंमत ठरवताना पहिली चूक रेशमात होते. कच्चं रेशीम उकळून त्यातला डिंक काढला की किलोचं साधारण पाऊण किलोच उरतं. भाव किलोला ६,००० धरला, तर मागावर चढणारं सूत ८,०००ला पडतं. रंगाईचा खर्च त्यावर वेगळा. कच्च्या भावाने हिशेब करणाऱ्याचा तोटा प्रत्येक साडीत असतो, आणि तो वर्षअखेरीपर्यंत दिसत नाही.

दुसरी चूक वेळेची. कागदावर मोर काढायला एक दुपार पुरते. तोच मोर पदरात भरगच्च बसला की साडी आठवड्यांवरून महिन्यांवर जाते. म्हणून पूर्ण साडी लावण्याआधी वीतभर पदराचा नमुना विणून घ्यावा, विणकराचे तास लिहावेत, आणि भाव मगच बोलावा. अडकलेल्या पैशाचं व्याजही किमतीत धरायचं: ६०,००० रुपये चार महिने मागावर राहिले, तर १२ टक्क्यांनी २,४०० झाले.

आमच्याकडे दहांतला एक माग प्रयोगाचा असतो. त्याची मजुरी 'नमुना' खात्यात जाते, कुठल्याही साडीवर चढत नाही. त्या मागावर काय विणायचं हे कलाकाराने ठरवावं, आपण तोंड घालू नये. बाकीचे नऊ मात्र ऑर्डरचे. सूत देताना वजन, साडी घेताना वजन, आणि उरलेलं सूत परत. हे तिन्ही आकडे एकाच वहीत, एकाच ओळीत असावेत.

भागीदारीचे कागद करणारा, पुणे

घरात भागीदारीपत्र 'नंतर बघू' म्हणून राहतं. कायदा १९३२चा आहे. कागदात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर नफा सगळ्यांत समान वाटला जातो आणि काम करणाऱ्या भागीदाराला पगार मिळत नाही. म्हणजे रात्रंदिवस नक्षी काढणारा आणि फक्त नावाला असलेला काका एकाच पायरीवर येतात. पगार, भांडवलावरचं व्याज आणि सहीचे अधिकार ही तीन कलमं आधी लिहा. भागीदारी संस्थेची नोंदणीही करा. ती नसेल, तर शंभर रुपयांपुढच्या येण्यासाठी संस्थेच्या नावाने दावा लावता येत नाही.

चित्राचा हक्क (कॉपीराइट) हा त्याहून नाजूक मुद्दा. नोकराने कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा हक्क सहसा मालकाचा होतो. भागीदार हा नोकर नव्हे, म्हणून भावाने काढलेल्या चित्राचा हक्क संस्थेकडे आपोआप आला असं गृहीत धरू नका. लेखी हस्तांतरण करा आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

वस्तूच्या आकाराला किंवा नक्षीला डिझाइन नोंदणी लागते (१० वर्षं, पुढे ५ वाढवता येतात). नोंदणी न करता ती यंत्राने पन्नासपेक्षा जास्त नगांवर उमटवली, तर त्या नक्षीवरचा कॉपीराइटही जातो. सगळ्यात मोठा घात इन्स्टाग्रामवर होतो. अर्जाआधी फोटो टाकला की नावीन्य संपलं. कलाकाराला फोटो टाकायची घाई असते, तेव्हा अर्जाची पावती हातात येईपर्यंत त्याला थांबवणं हे आपलं काम.

गणपतीचा कारखाना, पेण

पैसा वर्षभर जातो आणि भाद्रपदाच्या आसपास येतो. मार्चनंतर नवा साचा नाही, हा नियम लोखंडासारखा पाळावा लागतो. शाडू पावसात लवकर सुकत नाही. ओल्या अंगावर रंग चढवला की पुढे पापुद्रे सुटतात, तडे जातात. वाहतुकीतली मोडतोड आम्ही शंभराला पाच धरतो. कान, हात, सोंड यांची दुरुस्ती करणारा माणूस शेवटच्या पंधरवड्यात राखून ठेवतो.

विसर्जनानंतरची उधारी बुडते, त्यामुळे निम्मी रक्कम आगाऊ घ्या. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) हंगामाआधीच करून ठेवा. मग घेणाऱ्या व्यापाऱ्याला करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं.

अॅनिमेशन स्टुडिओचा हिशेब, मुंबई

या कामाचा सगळ्यात पूर्ण नमुना म्हणजे रॉय डिस्ने, वॉल्ट डिस्नेचा भाऊ. १९२३ मध्ये दोघा भावांनी स्टुडिओ काढला. वॉल्टने चित्रं पुढे नेली, रॉयने पैसा उभा केला. १९२८ मध्ये ऑस्वाल्ड ससा हे त्यांचं कार्टून पात्र हातून गेलं, कारण करारात त्याचा हक्क वितरकाच्या बाजूला होता. त्यानंतरच्या मिकीचा हक्क मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवला. वर पुण्याहून लिहिलेलं हस्तांतरणाचं कलम म्हणून मला फार महत्त्वाचं वाटतं.

डिस्नेलँडच्या वेळी रॉयने केलेलं काम बारकाईने बघण्यासारखं आहे. १९५३ मध्ये एका शनिवार-रविवारात उद्यानाचं मोठं चित्र काढून घेतलं, आणि ते घेऊन तो न्यूयॉर्कला पैसेवाल्यांकडे गेला. सावकाराला स्वप्न सांगून भागत नाही, डोळ्यांना काहीतरी दाखवावं लागतं. एबीसी या अमेरिकी टीव्ही कंपनीने पाच लाख डॉलर घातले आणि ४५ लाखांच्या कर्जाला हमी दिली. बदल्यात त्यांना उद्यानात हिस्सा आणि वॉल्टचा दूरदर्शन कार्यक्रम मिळाला. १९६० मध्ये तो हिस्सा परत विकत घेतला. गरजेच्या वेळी वाटा द्यायचा आणि पैसा आला की आधी तो सोडवायचा, हा क्रम माझ्या मते त्याच्या कामातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. वॉल्ट १९६६ मध्ये गेला, तेव्हा रॉयने निवृत्ती लांबणीवर टाकली आणि १ ऑक्टोबर १९७१ला फ्लोरिडाचं उद्यान उघडून दिलं. नाव ठेवलं 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड'. त्याच डिसेंबरात तो गेला.

लाकडी फर्निचर, सावंतवाडी

थोडक्यात लिहिते. आमच्यासारख्या कामात बिघाड होतो तो तारखेवरून. कलाकार ग्राहकाशी बोलताबोलता पाय वळणदार करतो आणि तारीख मात्र जुनीच सांगतो. उपाय एका कागदाचा: मापं, लाकूड, पॉलिश, रक्कम, तारीख, आणि खाली ग्राहकाची सही. सहीनंतरचा प्रत्येक बदल खाली नवी ओळ म्हणून, वाढीव दिवस आणि वाढीव रुपये लिहून. कागदाची एक प्रत सुताराच्या बाकाजवळ खिळ्याला टांगलेली असते.