वर्गात कॅमेरा: शिकणं की वेळ घालवणं?

पाटीपेन्सिल:
पाचवीला विज्ञान शिकवते. बी रुजण्याचा धडा यंदा मी वेगळ्या पद्धतीने घेतला. चार-चार मुलांच्या प्रत्येक गटाला एक जुना डिजिटल कॅमेरा दिला. बारा दिवस रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून फोटो काढायचा. शेवटी १२ पैकी फक्त ६ फोटो ठेवायचे आणि त्यांवर स्वतःच्या आवाजात दोन मिनिटांची गोष्ट सांगायची.

एका गटात चौथ्या दिवसाच्या फोटोवरून चांगलंच वाजलं. फोटो धूसर होता, तिघं म्हणत होते उडवून टाकू. चौथी ऐकेना. "टोपी फक्त यातच दिसते," हे तिचं पालुपद. नीट पाहिलं तर खरंच, वर आलेल्या कोंबाच्या डोक्यावर बियाचं साल तसंच अडकलेलं होतं. पाचव्या दिवसाच्या फोटोत ते गळून गेलेलं. फोटो राहिला.

गेल्या वर्षी 'बी कसं रुजतं?' या प्रश्नाला सगळ्या वह्यांत पुस्तकातलं एकच वाक्य शब्दशः उतरलं होतं. काय ठेवायचं, काय गाळायचं आणि का, या वादातच मुलं विचार करतात, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक विषयात सत्रातून एकदा तरी हे व्हावं. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा:
असहमत. बावीस वर्षं भाषा शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

असे प्रकल्प मी जवळून पाहिलेत. तीन तासिका पार्श्वसंगीत निवडण्यात जातात, एक फोटो सरकून दुसरा कसा येईल यात चौथी जाते आणि निवेदन उरतं चार ओळींचं. गुण मिळतात ते चकचकीतपणाला. ज्याच्या घरी चांगला मोबाइल आणि मदतीला मोठं भावंड, तो पुढे.

त्याहून मोठा मुद्दा बघण्याचा. अंकुराचं चित्र काढायचं तर पान देठाला कुठे जोडलंय हे बघावंच लागतं. कॅमेऱ्यात बटण दाबलं की झालं. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. संग्रहालयात काही वस्तू लोकांना नुसत्या पाहायला लावल्या, काहींचे फोटो काढायला लावले. फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे तपशील लोकांना कमी आठवले. स्मरणाचं काम आपण यंत्रावर सोपवतो. मग मुलांच्या हातात तेच यंत्र का द्यायचं?

भिंग:
खडूफळा, त्याच अभ्यासाचा दुसरा भाग राहिला. झूम करून वस्तूच्या एखाद्या भागाचाच फोटो काढायला सांगितलं, तेव्हा आठवण तशी घसरली नाही. न टिपलेला भागसुद्धा लोकांना आठवला. म्हणजे कशावर रोखायचा हे ठरवावं लागलं की डोकं चालू राहतं. टोपीवाली मुलगी हेच करत होती.

मुळात ही पद्धत गोष्टीची आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत डेना अॅचली, जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी डिजिटल कथाकथनाच्या, म्हणजे फोटो आणि स्वतःचा आवाज जोडून छोटी गोष्ट करण्याच्या, कार्यशाळा सुरू केल्या. तिथे आधी सगळे गोल बसून आपली गोष्ट तोंडी सांगतात, इतरांचं ऐकतात, मग लिहून काढतात. संगणकाची पाळी त्यानंतर. शाळांनी मधल्या पायऱ्या गाळल्या आणि थेट संगणक उघडला, म्हणून तुमच्या तीन तासिका संगीतात गेल्या.

आणि छायाचित्रकार वेंडी इवॉल्ड यांनी तर १९७०च्या दशकात अमेरिकेत केंटकीच्या डोंगराळ भागातल्या मुलांना साधे फिल्मचे कॅमेरे दिले होते. मुलं घरचे, शेजारचे फोटो काढत, स्वतः धुवत आणि त्यांवर बोलत-लिहीत. तेव्हा डिजिटल काहीच नव्हतं. रोलमध्ये फार तर ३६ फोटो, त्यामुळे प्रत्येक फोटो विचार करून काढावा लागे. डिजिटलने ही मर्यादा काढून टाकली. ती शिक्षकाने परत घालावी. "१२ पैकी ६" हा नियम मला सगळ्यात आवडला.

खडूफळा:
झूमचा मुद्दा मान्य. पण मर्यादा घालणारा शिक्षक मिळेलच याची खात्री कोण देणार? चाळीस मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका. वाईट राबवलेला निबंध निदान चार ओळी तरी लिहून घेतो.

सातवीची आई:
इथे कुणी मुलांच्या बाजूने बोललं नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या मुलाने अशीच एक गोष्ट केली होती, आजोबांच्या आजारपणावर. घरी कधी बोलला नाही ते त्यात बोलला. शाळेने आम्हाला न विचारता तो व्हिडिओ सगळ्यांना दिसेल असा टाकला. पुढे आठवडाभर वर्गात त्याच्या रडवेल्या आवाजाची नक्कल चालली होती. त्यानंतर त्याने तसं काहीच केलं नाही.

वही दप्तरात राहते. व्हिडिओ एकदा बाहेर गेला की परत बोलावता येत नाही. शिवाय फोटोच्या फाइलमध्ये वेळ असते आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशसुद्धा. किती शिक्षक ते बंद करून घेतात?

पाटीपेन्सिल:
आई, हे वाचून फार वाईट वाटलं. आमच्या गोष्टी फक्त वर्गात दाखवल्या, पण फाइली शाळेच्या सामायिक ग्रुपवर आहेत आणि काही फोटोंत मुलांचे चेहरे आहेत. उद्या पहिलं काम ते काढण्याचं. पुढच्या वेळी कुणाला दाखवायचं हे आधी मुलाला विचारेन, मग पालकांना. मूल नको म्हणालं तर तिथेच थांबायचं.

दोनओळी:
एक अनुभव. माझ्या वर्गात अडखळत बोलणारा एक मुलगा आहे. वर्गापुढे उभा राहिला की गप्प. आपल्या गोष्टीचं निवेदन त्याने एका कोपऱ्यात बसून अकरा वेळा रेकॉर्ड केलं. नवव्या वेळी स्वतःहून एक वाक्य बदललं, "हे माझ्यासारखं वाटत नाही" म्हणून. कागदावर तो कधी दुसरा मसुदा करत नाही.

खडूफळा:
हे मनाला लागलं. तरी विचारतो, वर्गापुढे उभं राहायला तो कधी शिकणार? रेकॉर्डिंगने त्याची सुटका केली की सोय?

दोनओळी:
अजून सांगता येत नाही. पण स्वतःचा आवाज न घाबरता त्याने पहिल्यांदाच ऐकला, एवढं मी पाहिलं.

खडूफळा:
पाटीपेन्सिल, शेवटचं विचारतो. त्या धूसर फोटोवर मुलगी काय बोलली?

पाटीपेन्सिल:
"चौथ्या दिवशी त्याने टोपी काढली नव्हती, कारण त्याला अजून ऊन सापडलं नव्हतं."

कारण चुकलंय. आतली बीजपत्रं, म्हणजे बीमधली पहिली पानं, फुगून उघडतात, तेव्हा साल गळतं. पुस्तकातलं वाक्य उतरवलं असतं तर तिची चूक मला कळलीच नसती. सोमवारी दोन बिया लावतोय, एक उन्हात, एक कपाटात. आणि तुमचं ऐकून या वेळी फोटोच्या जोडीला रोज एक चित्रही.